नदीचे तोंड फोडण्याचा मान

मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकात वाळूच्या दांड्याला दोन ओळी होत्या. त्या वाचून मला चेव यायचा. दोन ओळी! अहो, तो दांडा मी स्वतः फोडलाय!

साठ साल उजाडायचे होते आणि माझ्या लग्नाला वर्षही झाले नव्हते. माहेर वरच्या अंगाला, डोंगराकडे. सासर तारकर्लीच्या अलीकडे, एका लहानशा नदीच्या मुखाशी. उन्हाळ्यात नदी रोडावली की लाटा मुखावर वाळू आणून टाकत आणि नदीची समुद्राकडची वाट बंद होई. पावसाळ्यात पाणी वाढले की बहुधा नदीच तो दांडा फोडून जाई. त्या आषाढात मात्र तो फुटेना. पाणी मागे तुंबून शेतांत चढले आणि सगळ्या गावाचा तरवा, म्हणजे लावणीला आलेली भाताची रोपे, पाण्याखाली गेला. आणखी एक-दोन दिवसांत तो कुजलाच असता. मग वर्षभर खायचे काय?

ओहोटी लागली तशी माणसे फावडी घेऊन दांड्यावर जमली. समुद्र खाली गेला की नुसता चर खणायचा, पुढचे काम नदीच करते. नारळ वाढवून झाला, पण कोणी हात लावीना. पहिला घाव घालायचा मान आमच्या घराचा आणि आमच्या घरातले कोणी तिथे नव्हते. नवरा मुंबईला, सासरे तापाने अंथरुणावर. मी काय चाललेय ते बघायला गेले होते, तर गावातले एक म्हातारे काका मला म्हणाले, "तुमच्या घरचो घाव पडल्याबिगर आमका हात लावूक येवचा नाय."

असा संताप आला मला! इथे भात बुडतेय आणि यांना मान सुचतोय. ओहोटी काय आमच्यासाठी थांबणार होती? चिखल तुडवत धावत घरी गेले आणि सासऱ्यांना सगळे सांगितले. ते बराच वेळ आढ्याकडे पाहत राहिले. बाईमाणसाला हा मान कसा द्यायचा, याचाच घोर लागलेला दिसतोय, असे मी मनात म्हटले. शेवटी ते म्हणाले, "जा गो. तूच घाल."

मी पदर खोचून घाव घातला मात्र, सगळी फावडी एकदम चालू झाली! आधी चरातून घोटाभर पाणी गेले. मग कडेची वाळू ढासळू लागली. हातभर रुंद चर बघता बघता होडी जाईल एवढा झाला आणि नदी अशी सुटली की आम्ही ओरडत मागे पळालो. तांबडे पाणी समुद्रात घुसत होते. मी तर नाचले, खरेच नाचले. संध्याकाळी शेतांत रोपांचे शेंडे दिसू लागले.

ते सांगायला घरी आले, तर सासरे खांब धरून मागच्या दारी उभे होते. सुटलेल्या नदीने मुखाशी वळण घेऊन आमचाच काठ कुरतडायला घेतला होता. त्यांनी हाताने लावलेला माड माझ्यादेखत मुळासकट आडवा झाला. मग त्याच्या शेजारचा.

"दरवेळाक आमचीच जमीन जाता," ते म्हणाले. "म्हणान आमका इचारल्याबिगर कोण फोडीत नाय. तरवो वाचलो मा?"

"वाचलो," मी म्हटले आणि मला रडू फुटले.