बी झुवेनाच्या पोरी

सिन्झा वस्तीत बी झुवेनाचं, म्हणजे झुवेनाबाईंचं, घर शोधायला पत्त्याची गरज नसे. ‘गोऱ्या पोरींचं घर’ म्हटलं की नाक्यावरचा मोटरसायकलवालासुद्धा हात करून गल्ली दाखवायचा. दार-एस-सलामला स्वाहिली शिकायला येणाऱ्या परदेशी मुलींना त्यांची भाषाशाळा तिच्याकडे राहायला पाठवायची. चौदा वर्षांत त्रेचाळीस पोरी तिच्या हाताखालून गेल्या. बाहेरच्या खोलीत त्या सगळ्यांचे फोटो भिंतीवर होते, आणि तिच्या एकुलत्या लेकीचा, नुरूचा, लग्नातला फोटो त्या गर्दीत कुठे आहे हे शोधावं लागे.

पोरी यायच्या तेव्हा अगदी कोऱ्या असायच्या. एका बादलीत आंघोळ कशी उरकायची, वडीलधाऱ्यांना आधी वंदन कसं करायचं, मक्याच्या घट्ट उगालीचा गोळा बोटांनी कसा वळायचा, डालाडाला बस थांबायच्या आतच पाय कसा टाकायचा, हे सगळं बी झुवेना शिकवी. शिकवायची हौस दांडगी आणि तोंड त्याहून दांडगं. यंदा आलेली डेन्मार्कची सिग्ने पहिल्याच दिवशी मासळीबाजारात भाव ऐकून कोळ्याला ‘धन्यवाद’ म्हणाली आणि पैसे काढायला लागली, तेव्हा बी झुवेनाने भर बाजारात कपाळावर हात मारला.

“अगं बये, भाव ऐकून कुणी आभार मानतं का? त्याला म्हणावं, हा मासा काय तुझ्या आजीने पाळला होता?”

सिग्ने गुणी पोरगी. दुसऱ्या दिवशी तिने हेच वाक्य, शब्दाला शब्द, औषधाच्या दुकानात म्हणून दाखवलं. तो किस्सा सांगताना बी झुवेना पदराने डोळे पुसायची. सिग्नेबरोबर राहणारी पोलंडची हान्या जरा भित्री होती, पण आठ दिवसांत तीही कोळशाच्या शेगडीवर चपात्या भाजायला लागली.

मरणाचं तेवढं तिने कुणाला कधी शिकवलं नाही. नव्या माणसाला अभद्र कशाला सांगायचं, असं तिला वाटे. खरं म्हणाल तर तिचंच त्या विषयात लक्ष उरलं नव्हतं.

सिन्झात कुणी गेलं की त्या घरची चूल तीन दिवस पेटत नाही. गल्लीतल्या बायका चटया आणतात, मोठं पातेलं आणतात, अंगणात भात आणि घेवडा शिजवतात, आणि बसतात. रडलंच पाहिजे असं नाही, बोललंच पाहिजे असंही नाही. बसणं हेच काम. कुणी लेकराला पाजत बसतं, कुणी तांदूळ निवडत बसतं, पण घरधनिणीला तीन दिवस एकटं म्हणून पडू देत नाहीत. बी झुवेनाही पूर्वी बसायची. मग पोरी यायला लागल्या. कधी विमान त्याच दिवशी यायचं, कधी कुणाला ताप भरायचा, कधी कुणाला विद्यापीठाचा रस्ता दाखवायचा असायचा. ती जायची, पण उंबऱ्याशी टेकून पाच मिनिटांत उठायची. चटया-पातेल्याची पाळी आली की दुसरीच्या गळ्यात घालायची. “पाहुण्या पोरी आहेत हो घरात,” एवढं म्हटलं की आपल्याला सगळं माफ, अशी तिची समजूत होती.

दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या घरातल्या चौसिकूच्या आईचा धाकटा मुलगा मोटरसायकलवरून पडून गेला. एकोणीस वर्षांचा पोरगा. बी झुवेना त्या दिवशी विमानतळावर होती. तिसऱ्या दिवशी गेली, आणि बसल्या बसल्या चार वेळा दाराकडे पाहिलं. चौसिकूच्या आईने ते बघितलं. रडून रडून तिचा आवाज बसला होता, तरी ती म्हणाली, “जा बाई नुरूची आई. तुझ्या पोरींना भूक लागली असेल.”

आणि ही खरंच उठून गेली! शहाण्या बाईने त्या वाक्यावर तिथेच मांडी ठोकायला हवी होती.

तिचा नवरा, म्हातारा शोमारी, बंदरावर क्रेन चालवायचा. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळेपर्यंत गल्लीतली एक मयत त्याने चुकवली नव्हती. तो पडल्या पडल्या बायकोला म्हणायचा, “झुवेना, ह्या पोरी पाखरं आहेत. तू माणसं तोडतेस.”

“कुणाला तोडलं मी?”

“चौसिकूच्या आईकडे जाऊन बस एक दिवस. उशीर झाला तरी बस.”

“तुमचं आपलं काहीतरीच. उद्या मला काही झालं तर माझ्या पोरी बसतील माझ्यापाशी. जीव लावते मी त्यांना.”

शोमारी अर्ध्या तोंडाने हसायचा. तिला तो आजाराने तसा दिसतो असं वाटायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच, पण नवऱ्याचं ऐकेल ती बी झुवेना कसली.

एका मंगळवारी पहाटेच्या नमाजानंतर शोमारी गेला. कुणाला त्रास न देता, चहा यायच्या आत. मशिदीत खबर लागली आणि पुरुष धावले. अंगणात ताडपत्री बांधली, खुर्च्या आल्या, न्हाऊ घालणारे आले, आणि दुपार कलायच्या आत मयत उचलली तेव्हा खांदा द्यायला माणसं आपसात रेटारेटी करत होती. शोमारीने आयुष्यभर जे पेरलं होतं ते त्या दिवशी उगवलं.

घरात मात्र बी झुवेना पांढरं कापड पांघरून कोपऱ्यात बसली होती आणि तिच्यासमोर आठ चटया अंथरलेल्या होत्या. चटया चौसिकूच्या आईने पाठवल्या होत्या, निरोप गेल्याबरोबर. मयताच्या घरी चटया नाकारत नाहीत. सकाळी गल्लीतल्या आठ-दहा बायका येऊन गेल्या. आल्या, हात हातात घेतला, ‘देवाची मर्जी’ म्हणाल्या, आणि उंबऱ्याशी टेकून पाच मिनिटांत उठल्या. एकीचं लेकरू आजारी होतं, एकीची शिकवणी होती, एकीने तर कारणसुद्धा सांगितलं नाही. पातेलं कुणी आणलंच नाही.

नुरू तिकडे लांब म्वांझाला सासरी, नववा महिना लागलेला, डॉक्टर प्रवासाला सोडत नव्हता. ती फोनवर इतकी रडली की आईलाच तिची समजूत काढावी लागली. आली ती एकटी शोमारीची थोरली बहीण, म्वानाहावा, सत्तरी ओलांडलेली, टेमेकेहून दोन बस बदलून. आत आली, रिकाम्या चटयांकडे बघितलं आणि जागच्या जागी थांबली.

“काय गं, सिन्झातल्या बायका मेल्या का सगळ्या?”

“येतील वन्सं. संध्याकाळी येतील.”

“आणि त्या तुझ्या गोऱ्या लेकी? भिंतभर लावल्यात त्या?”

“त्या आहेत ना. आतल्या खोलीतच आहेत,” बी झुवेना म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिच्या आवाजाला जरा धार आली. “त्या बसतील.”

आतल्या खोलीत सिग्ने आणि हान्या सकाळपासून कुजबुजत होत्या. पोरी वाईट नव्हत्या, हे आधी सांगून टाकतो. दोघींचे डोळे लाल झाले होते. शोमारी त्यांना बंदरावरच्या थापा सांगायचा, त्यांना तो आवडायचा. पण त्यांच्या देशात दुःखातल्या माणसाचं दार हळूच लोटून घेतात. त्याला एकटं सोडणं हीच माया. भाषाशाळेने दिलेल्या कागदावरही छापलं होतं की यजमानांच्या घरात दुःखद प्रसंग आल्यास त्यांच्या खासगीपणाचा मान राखावा. दोघींनी तो कागद दोनदा वाचला आणि सामान भरलं.

दुपारी त्या बाहेर आल्या तेव्हा बी झुवेनाने चटईवर हात फिरवून जागा केली. सिग्ने गुडघ्यावर बसली, तिने तिला घट्ट मिठी मारली. बी झुवेनाला वाटलं, आता ही बसते.

“आई,” सिग्ने म्हणाली, “आम्ही तुम्हाला त्रास देणार नाही. आम्ही समुद्राकडच्या गेस्टहाउसमध्ये जातो. तुम्हाला शांतता पाहिजे.”

“शांतता?” बी झुवेना म्हणाली.

“हो. एकटं राहायला पाहिजे ना.” आणि हान्याने एक पाकीट चटईवर ठेवलं. आत पांढऱ्या फुलाचं चित्र असलेलं कार्ड होतं, चारी ओळी बिनचूक स्वाहिलीत.

बी झुवेनाला ‘जाऊ नका’ एवढं म्हणता आलं असतं. दोन शब्दांचं काम. पण चौदा वर्षं जी बाई न विचारता सगळं सांगत आली, तिच्या तोंडून ते दोन शब्द निघेनात. बसा म्हणून कुणाला सांगावं लागतं, हेच तिला लाजिरवाणं वाटलं. तिने मान हलवली. फाटकाशी चाकाच्या बॅगांचा आवाज झाला आणि ताडपत्रीखालच्या पुरुषांनी माना वळवून पाहिलं.

संध्याकाळी वन्संनी परकर खोचला आणि चूल पेटवली. नवरा गेलेल्या घरात त्याच दिवशी चूल पेटली, तीही सत्तरीच्या म्हातारीने पेटवली, याची चर्चा गल्लीत मग खूप झाली. पेटवायला कुणी आलं का नाही, याची नाही झाली. गल्लीनेही काही बरं केलं नाही. शोमारी त्यांच्या प्रत्येक दारात बसला होता, पण बायकांच्या चटईवरचा हिशेब बायकांशीच चालतो, त्यात नवऱ्याची पुण्याई वळती होत नाही.

दुसऱ्या दिवशी चौसिकूची आई आली. उभ्या उभ्याच विचारपूस केली. बी झुवेनाने तिचा हात सोडला नाही.

“चौसिकूची आई, तू तरी बस गं. घडीभर बस.”

तिने हात सोडवून घेतला नाही, पण बसलीही नाही. “नुरूची आई, चटया मागितल्यास, दिल्या. अजून लागल्या तर अजून देईन. बसणं मागून मिळत नाही बाई.”

“माझं चुकलं.”

“चुकलंच,” चौसिकूची आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि तशीच ती निघून गेली. तीन दिवस झाले. वन्संची पाठ धरली म्हणून चौथ्या दिवशी त्याही गेल्या. विधवेच्या रिवाजाप्रमाणे बी झुवेनाला आता चार महिने दहा दिवस उंबरा ओलांडायचा नव्हता. आठही चटया अंथरलेल्या होत्या. उचलायचा तिला धीर होत नव्हता.

सोमवारी चौसिकूची आई चटया न्यायला आली. पुढच्या गल्लीत कुणीतरी गेलं होतं, तिथे लागणार होत्या. ती न बोलता एकेक गुंडाळत असतानाच सिग्ने आणि हान्या आल्या. दोघी उन्हाने लाल झालेल्या, तोंडावर आनंद मावत नव्हता. वाकून वंदन केलं, कुशल विचारलं, उच्चार अगदी स्वच्छ.

“आई, बरं वाटतं का आता? शांतता मिळाली ना?” सिग्नेने विचारलं.

“मिळाली,” बी झुवेना म्हणाली.

“आई, शाळेने आम्हाला मागोमेनीला नेलं!” हान्याला राहवत नव्हतं. “मयताच्या घरी! आमच्या बाईंची आत्या वारली. आम्ही तीन तास चटईवर बसलो. पायाला मुंग्या आल्या. किती बायका! शंभर असतील. एका आजीने माझा हात धरला, सोडलाच नाही. मी तिला ओळखत पण नाही, तरी मी रडले. किती सुंदर रीत आहे तुमची!”

“सगळे मिळून दुःख वाटून घेतात,” सिग्ने म्हणाली. तिने पिशवीतून वही काढली होती, शाळेत ह्यावर निबंध द्यायचा होता. “आई, तुमच्याकडे किती बायका आल्या होत्या?”

चौसिकूच्या आईचे हात चटईवर थांबले.

बी झुवेनाने पांढरं कापड डोक्यावर नीट ओढून घेतलं. “खूप,” ती म्हणाली. “बसायला जागा उरली नव्हती.”

“खरंच?”

“खरंच तर,” चौसिकूची आई म्हणाली. गुंडाळलेली चटई तिने काखेत मारली आणि कुणाकडेही न बघता दाराशी गेली. “मलासुद्धा उभंच राहावं लागलं.”

सिग्नेने तेही लिहून घेतलं.