बिनशेपटीचा धूमकेतू

आंधळगावात कोसा रेशीम विणणारे पुष्कळ. आभाळाकडे बघणारा एकटा खेमराज सोनकुसरे, माझा शेजारी. नागपूरहून आणलेली दुर्बीण खांद्यावर घेऊन तो तलावाच्या पाळीवर निघाला, की आम्ही म्हणायचो, खेमराज आता चंद्राला लुगडं विणणार.

तिथेच एकदा त्याला कापसाच्या पेळूसारखा अंधूक डाग दिसला. धूमकेतू. आमच्यात अर्धं थान कोणाला दाखवत नाहीत, मागावरून उतरल्यावरच दाखवतात. खेमराजनेही तो डाग जागचा हलतोय याची पक्की खात्री होईपर्यंत तोंड उघडलं नाही. तोवर परदेशातल्या दोघांनी कळवून टाकलं होतं. नाव त्यांचं लागलं, आणि आमच्या गाढवाला रीत नडली. मला अजून राग येतो.

नावाचं त्याला फारसं वाटलं नाही. पण गाव त्याला थापाड्या म्हणे, म्हणून एकाने तरी तो आपल्या डोळ्यांनी पाहावा, एवढीच त्याची ओढ होती. धूमकेतू साडेसहा वर्षांनी फिरून येणारा. पहिल्या फेरीला आभाळ भरलेलं होतं. दुसऱ्या फेरीला लोक पाळीवर जमले आणि शेपूट दिसेना म्हणून हसत घरी गेले. याला शेपूट नाहीच, हे खेमराज प्रत्येकाला सांगत राहिला. त्याची बायको दुर्गाबाई तर आलीच नाही; शेंडीचा तारा बघू नये म्हणे.

यंदा तिसरी फेरी. मधल्या काळात काचबिंदूने त्याचे दोन्ही डोळे गेले. धूमकेतू परत येतो, गेलेली नजर येत नाही. संध्याकाळी दुर्गाबाई त्याला हात धरून पाळीवर घेऊन आली. मीच मोबाइलवर धूमकेतूची जागा बघून दुर्बीण लावली. राइस मिलच्या दिव्यांनी आभाळ पांढुरकं झालेलं. मला काहीच दिसलं नाही आणि मी तसं सांगून टाकलं. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दुर्गाबाई दुर्बिणीवर वाकली.

"दिसते काय व?" खेमराजने विचारलं.

"दिसते ना. मस्त हाये. शेपूट बी लंबी हाये."

'दिसते' म्हणताच उजळलेला त्याचा चेहरा शेपटीपाशी विझला. उभ्या जन्मात बाईने नवऱ्याचं बोलणं एकदा तरी कान देऊन ऐकलं असतं, तर खोटं तरी नीट बोलता आलं असतं.

"बरं झालं, तुनं तरी पाह्यलं," तो तिला म्हणाला. तिने पदराने त्याचा चेहरा पुसला.

मी दुर्बीण उचलली, तसा तो माझ्याकडे वळला. "भैयाजी, पुढच्या खेपेले नोको लावजो."