डाव्या खांद्याशी म्हैस

काचबिंदू झालाय म्हटलं की आमच्या गल्लीतला प्रत्येक जण डॉक्टर होतो. "त्यात काय, भिंग बसवून टाका की," असं सांगणारे तर पैशाला पासरी. अरे बाबांनो, तो मोतीबिंदू. तो काढता येतो, भिंग बसतं आणि माणूस पुढच्या आठवड्यात बाजारात हिंडतो. माझ्या दुखण्यात काढून टाकायला काहीच नाही. डोळ्याच्या आत प्रेशर वाढतं, मागची शीर सुकत जाते आणि जेवढं दिसायचं गेलं तेवढं गेलं. सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे आणि उरलंय ते राखत बसायचं.

बरं, समोरचं मला लख्ख दिसतं. पेपरातली बारीक अक्षरं वाचतो. दुधात केस पडला तर बायकोच्या आधी मला दिसतो. त्यामुळं कुणाला खरं वाटत नाही. जातंय ते कडेनं. डाव्या हाताला ठेवलेला चहाचा पेला दिसत नाही, हात लागून सांडतो आणि बायको करवादते, लक्ष कुठं असतं तुमचं. रस्त्यावर रिक्षा अचानक आभाळातून पडल्यासारखी पुढ्यात येते. रिक्षावाला शिव्या देतो, मीही देतो, पण चूक कुणाची ते मला माहीत असतं.

कड गेली म्हणून काय बिघडलं, असं कुणी विचारेल. म्हशी पळवणाऱ्याला विचारा.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्यात म्हशी पळवतात. आधी म्हैस भादरायची, पंचगंगेवर नेऊन घासायची, तेल चोळून काळी कुळकुळीत करायची. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची, गळ्यात कवड्यांची माळ, पायात घुंगरं. मग मालक मोटारसायकलवर पुढं आणि म्हैस मोकळी त्याच्याबरोबर. दावं नाही, काठी नाही. गाडीचा आवाज आणि मालकाची हाळी, एवढ्यावर ती त्या तुडुंब गर्दीतून पळते. आणि गाडीवरच्यानं तिला शोधायला मान वळवायची नाही. वळवली म्हणजे तुझा तुझ्या जनावरावर भरवसा नाही. मग वर्षभर कट्ट्यावर चेष्टा ठरलेली.

मला मान वळवायची गरजच नव्हती. आमची म्हैस डाव्या खांद्याशी पळायची. मी सरळ रस्त्याकडं बघत गाडी मारायचो आणि डोळ्याच्या कोपऱ्यात ती असायची. रंगवलेलं शिंग, वरखाली होणारं डोकं, ओलं नाक. तिचं नाव सांगत नाही, सांगितलं तर मी कोण ते सगळ्या गल्लीला कळेल. रेडकू होती तेव्हा तिची आई गेली आणि मी तिला बोटं चोखायला देऊन दूध प्यायला शिकवलं. आयुष्यात जी काय सुखं मिळाली त्यांत त्या कोपऱ्यातल्या शिंगाचा नंबर लई वरचा आहे. बायकोला हे कधी बोललो नाही. तिला ठाऊक आहे.

गेल्या पाडव्याच्या आदल्या पाडव्याला त्या कोपऱ्यात काही दिसेना. हाळी दिली, तरी दिसेना. घुंगरं वाजत होती, पण त्या कल्लोळात कुणाची घुंगरं ते काय कळतंय? वाटलं बिथरली, शिरली कुठल्यातरी बोळात, कुणाला तरी उडवणार आता. मी करकचून ब्रेक दाबला, गाडीवर उभा राहिलो आणि मागं मान ताणून शोधायला लागलो. आणि बाई माझ्या डाव्या गुडघ्याला घासून उभी. रस्ता खदाखदा हसला. माझा चुलतभाऊ तिथूनच ओरडला, "काखेत कळसा आणि गावाला वळसा!" मीही हसलो. पण एवढी मोठी म्हैस, आणि मला दिसली नव्हती.

तेव्हापासून मला एक खोड लागली. गोठ्यात बसायचं, समोरच्या खुंट्यावर नजर ठेवायची आणि बोट कानामागून हळूहळू पुढं आणायचं. कधी दिसतंय बघायचं. आज कालच्यापेक्षा उशिरा दिसलं का? का काल मी बोट भराभरा आणलं? परत आणायचं. एकदा बायकोनं पकडलं आणि म्हणाली, म्हशीला खुणा करताय व्हय. हसून टाकलं, पण ती वळल्यावर परत बोट कानामागं.

शेवटी मुलीनं धरून परत तपासणीला नेलं. ती उचगावला एका कारखान्याच्या ऑफिसात असते, तिनं रजा काढली म्हणजे विषय संपला. तिथं पांढऱ्या पातेल्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं. एक डोळा झाकलेला, दुसरा समोरच्या टिपक्यावर. कडेला कुठं बारीक उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. बराच वेळ काहीच लुकलुकत नव्हतं. म्हणजे लुकलुकत असणार, मला दिसत नव्हतं. मारक्या रेड्यापुढं उभा राहिलोय मी, पण त्या शांततेला भ्यालो तेवढा कशाला भ्यालो नाही.

डॉक्टरीणबाईंनी जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवले. काळं पसरलं होतं, मलाही दिसलं. त्यांनी थेंब बदलले. यानं नाही आवरलं तर ऑपरेशन करू म्हणाल्या, पण तेही आहे ते धरून ठेवायला, गेलेलं आणायला नाही. मग म्हणाल्या, "काका, गाडी आता ठेवून द्या."

मी विचारलं, पाडव्यापुरती चालेल का? त्यांना काही उमगेना, तेव्हा मुलीनं पाडवा समजावून सांगितला. त्यांनी डोक्याला हात लावला.

घरी येऊन मी गाडीची किल्ली मुलीला दिली. दिली कसली, फेकली. मुलगी गुमान रोज संध्याकाळी गाडी काढून म्हशीला सवय लावायला लागली. म्हैस चार पावलं तिच्या मागं जायची आणि उलटी फिरून मी बसलेलो तिथं येऊन उभी राहायची. खोटं कशाला सांगू, मला आनंद व्हायचा. मग पोरीचं तोंड बघून लाज वाटायची. तरी दुसऱ्या दिवशी म्हैस परत आली की परत आनंद.

पाडव्याच्या सकाळी मुलगी म्हणाली, "आप्पा, मागं बसा. म्हशीकडं तोंड करून." चुलतभाऊ म्हणाला, असलं ध्यान कुठं बघितलं न्हवतं. म्हटलं, मग बघून घे आज.

गाडी निघाली. मी हाळी दिली आणि ती आली. इतकी वर्षं तिला पळताना मी नुसती कोपऱ्यातून बघितली होती. आता सबंध समोर. छाती, दोन्ही शिंगं, उडणाऱ्या कवड्या आणि माझ्यावर रोखलेले डोळे. दोन्हीकडची गर्दी मला नव्हतीच, नुसता तिचा गोंगाट होता. म्हैस देखणी दिसत होती हो, फार देखणी. तरी जीव ओढत होता तो डाव्या खांद्याकडंच. तिथं ती असायची तेव्हा पुढचा रस्ताही माझा असायचा, हँडल माझ्या हातात असायचं आणि बघायचं म्हणून काही बघावं लागत नव्हतं. ते दिवस मला परत पाहिजेत. कुणाकडं मागू?

चौकातल्या वळणावर ती बाहेरून गेली आणि माझ्यापुरती पुसली गेली. समोर मोकळा रस्ता आणि उडालेला गुलाल. मान फिरवली असती तर कदाचित सापडली असती. मी फिरवली नाही. मुलगी पुढं बघत गाडी मारत होती. तिनं आवाज चढवून विचारलं, "आप्पा, येतीया न्हवं?"

मला काहीच दिसत नव्हतं.

"येतीया की," मी म्हणालो, "तू मार गाडी." आणि छाती भरून हाळी दिली.