शेजाऱ्याचं बटण

अक्कांकडे काहीही मागा, त्या आधी विचारायच्या, "कशाला?" रजा मागा, कशाला. स्टेपलर मागा, कशाला. सोनईजवळच्या आमच्या दूध संघात त्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख होत्या आणि संघाचा सगळा डेटाबेस त्यांच्या ताब्यात होता. कुठल्या गावात कोणी किती दूध घातलं, फॅट किती लागली, बिल किती निघालं, सगळं त्यात. एकदा खुद्द चेअरमन म्हणाले, सगळ्या गावांची माहिती मला उघडून द्या. अक्का चष्मा पुसत म्हणाल्या, "देते की. पन कशाला पाह्यजे, ते सांगा आधी." चेअरमननी जरा विचार केला, चहा घेतला आणि ते निघून गेले.

मी इंजिनिअर होऊन तिथे लागले तेव्हा मला ही बाई भलती खडूस वाटली. मग हळूहळू त्यांचा घोर कळला. कोणाला काय बघू द्यायचं, कोणाला काय बदलू द्यायचं, हे सगळं एकट्या अक्कांच्या डोक्यात. गावच्या दूध संकलन केंद्रावरून फोन आला की त्या जेवणाचा उघडा डबा तसाच ठेवून उठायच्या आणि स्वतः कमांड टाइप करून परवानगी द्यायच्या. त्यात त्या लवकरच निवृत्त होणार होत्या आणि रोजच्या बिलांसकट निम्मी कामं त्यांच्याच लॉगिनवर चालत होती. "माझं नाव पुसलं तर सकाळचं दूध थांबंल," त्या म्हणायच्या. हसत म्हणायच्या, पण धास्ती खरी होती.

म्हणून त्या जायच्या आत आम्ही दोघींनी एक पोर्टल बांधायला घेतलं. ब्राउझर उघडायचा, माणूस निवडायचा, त्याला काय दिसेल आणि काय बदलता येईल यावर खूण करायची. नाव काढायचं तर तेही तिथूनच. ते दिवस आठवले की अजून माझे हात शिवशिवतात. बसमध्ये बसल्या बसल्या मी पुढचा स्क्रीन मनात मांडायची आणि ऑफिसात पोचले की चप्पल काढायच्या आधी अक्कांना सांगायची. पहिल्यांदा बटण दाबून परवानगी दिली आणि केंद्रावरून फोन आला, "मॅडम, उघडलं", तेव्हा मी नाचायचीच बाकी होते. अक्कांनी मला लगेच तीच परवानगी काढून घ्यायला लावली. "द्यायला काय, कुनीबी देतं. काढून घेता येतंय का बघ." तेही जमलं, आणि मग त्या गालात हसल्या.

प्रत्येक केंद्राच्या सचिवाला आम्ही त्याचं स्वतःचं लॉगिन दिलं आणि आता सगळं मार्गी लागलं असं मी धरून चालले. त्याच सुमारास एका गोरज मुहूर्ताच्या लग्नात आम्ही जेवायला बसलो होतो. समोरच्या पंगतीत एका केंद्राचे सचिव भानुदासराव जिलेबीवर ताव मारत होते. मी सवयीने मोबाईलवर पोर्टल उघडलं, तर हेच भानुदासराव तिकडे केंद्रावर दुधाची नोंद करताना दिसले. मी मोबाईल अक्कांपुढे धरला.

"भानुदासराव, तुमी हितं जेवताय, मग तिकडं दूध कोन घेतंय?" अक्कांनी विचारलं.

"शेजारचा बबन टेलर," ते निवांत म्हणाले. "पासवर्ड त्याच्याकडंच असतो. घराची चावी बी त्याच्याकडंच हाय."

माझं डोकं फिरलं. परतीच्या वाटेवर मी म्हणाले, उद्याच त्यांचं लॉगिन बंद करते. अक्का म्हणाल्या, "अगं, गावाला जाताना चावी शेजारी न्हाई ठेवायची तर कुठं? त्यांचं काय चुकलं? आपल्या पोर्टलात शेजारीच न्हाई."

घर येईपर्यंत माझ्या डोक्यात तो शेजारीच घोळत होता. पुढच्या काही दिवसांत आम्ही 'शेजारी' नावाचं बटण केलं. सचिवाने आपला शेजारी आधी ठरवायचा. शेजाऱ्याला स्वतःचं नाव, स्वतःचा पासवर्ड. गावाला जाताना बटण दाबून परतीची तारीख घालायची, त्या दिवशी शेजाऱ्याचं दार आपोआप बंद. बबन टेलर गळ्यात टेप तसाच ठेवून संघात हजर झाला. अक्कांनी त्यालाही कारण विचारलं. "लग्नसराईत भानुदासराव जाग्यावर नसत्यात," तो म्हणाला. अक्का माझ्याकडे वळल्या. "देऊन टाक. पटलं." मला तर त्या बटणाचं इतकं कौतुक, की घरी आईलासुद्धा उघडून दाखवलं.

आता उरलं होतं अक्कांचंच नाव. त्यांच्या लॉगिनवर चालणारं एकेक काम आम्ही शोधलं आणि संघाच्या नावावर केलं. "हे बी माझ्याच गळ्यात?" त्या दर वेळी म्हणायच्या. निरोपसमारंभाच्या दिवशी शाल-नारळ घेऊन त्या थेट माझ्या टेबलाशी आल्या. "काढ माझं नाव."

"उद्या काढू का, अक्का?"

"उद्या मी कोन गं हितली? काढ."

मी काढलं. त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या आणि मग नारळ माझ्या टेबलावर ठेवून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले. पोर्टल उघडून बसले. एकेका गावाची नोंद पडायला लागली. सगळी गावं आली, बिलंही निघाली. तेवढ्यात अक्कांचा फोन.

"मघापासनं घरनं माझ्या जुन्या लॉगिननं आत यायला बघतेय," त्या म्हणाल्या. आवाजात आनंद मावत नव्हता. "सगळी दारं वाजवून झाली. एक बी उघडंना. लई झ्याक काम केलंस पोरी." मग त्यांनी विचारलं, "दूध आलं?"

"सगळ्या गावांचं आलं, अक्का."

"माझ्याबिगर?"

"तुमच्याशिवाय."

त्या मोठ्याने हसल्या. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी मात्र फोन ठेवला आणि रडले.