पिंजणाखालचं नाव

कापसाचे भाव पडले त्या वर्षांत आमच्या बाभुळगावात घराघरात कापूस पडून होता आणि लोक मात्र फोमच्या गाद्या विकत आणत होते. आमच्या गल्लीतल्या पिंजारी चाचांचा धंदा त्यातच बसला. पुढे ते वारले. कापूस पिंजायचं त्यांचं पिंजण, गावातलं शेवटचंच, चाचींनी माळ्यावर ठेवून दिलं.

मी तेव्हा दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी संग्रहालयात नोकरीला होतो. तिथं कापसाचं नवं दालन व्हायचं होतं. मी ऐटीत चाचींकडे पिंजण मागितलं. पैशाची गोष्ट काढताच त्यांनी मला झापलं.

"पैसे कायले? खाली तुह्या चाचाचं नाव लिहजो, बस. लोकायले समजलं पाह्यजे, कोनाचं होतं."

"लिहू की," मी म्हणालो. एवढं तर आपल्या हातात आहे, असं मला खरंच वाटत होतं.

अर्धा खर्च सरकार करणार होतं, अर्धा देणगीतून यायचा होता. सरकारचा पैसा भिंती उभारण्यातच संपला. पिंजण गोदामात पडलं. दर ईदला शीरखुर्म्याची वाटी देत चाची विचारायच्या, "नाव लागलं का बेटा?" आणि मी वाटीत तोंड खुपसून बसायचो.

शेवटी देणगीदार मिळाला. कोण, तर फोमच्या गाद्यांची कंपनी! दारावर पितळी अक्षरांत तिचं नाव झळकलं. पिंजणाखाली नुसतंच 'पिंजण, विदर्भ'. मी साहेबांशी भांडलो.

"नाव फक्त देणगीदारांचं लावतात," ते म्हणाले.

"मग चाचींनी दिलं ते काय होतं?"

साहेबांनी चहा मागवला. त्या चहाची चीड अजून गेलेली नाही माझी.

गावी गेलो तर चाची अंथरुणाला खिळलेल्या. खोटं बोलवेना, सगळं सांगितलं.

"मंग कोनाचं नाव हाय तिथं?"

मी कंपनीचं नाव घेतलं. त्यांनी अंगाखालची चादर सारून मुलानं आणलेल्या गादीचा कोपरा पुढे केला. "वाच बरं."

तेच नाव होतं. मी मान हलवली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"माळ्यावर तुह्या चाचानं भरलेली जुनी गादी हाय," त्या म्हणाल्या. "काढ बेटा. मले तिच्यावर टाक."

मी गादी काढली. आत कापसाचे दगडासारखे गोळे झाले होते. पिंजून घ्यायला हवी होती, पण गावात आता पिंजण नव्हतं.