थांबबाई आणि मासळीचा बर्फ

आमच्या शाळेतल्या खेळाच्या बाईंना सगळं गडब गाव 'थांबबाई' म्हणत असे. कबड्डीत एखादी पोरगी कोसळली, की शिट्टीच्या आधी बाईंचा आवाज यायचा, "थांब! उठू नको. कुणी हात लावू नका!" तो ऐकून हायवेवरची एसटीसुद्धा थांबते, असं आम्ही मुली म्हणायचो.

सरावाला बाई थर्मास आणत. एकदा एका पालकाने चहाच्या आशेने कप पुढे केला, तर कपात बर्फ पडला. गावात बर्फ मिळायचा तो मासळीवालीच्या पेटीतला. त्यामुळे जिचा पाय मुरगळे, तिला घरी जाईपर्यंत बोंबलाचा वास येई. "वास जातो गो, सूज लवकर जात नाय," म्हणत बाई फडक्यात बर्फ गुंडाळून घोट्यावर धरत, पट्टी बांधत आणि पाय दप्तरांच्या ढिगावर उंच ठेवत.

आमच्याकडे मात्र मुरगळलं की एकच निदान, 'नस चढली'. मग गरम तेलाने चोळायचं आणि पाय ओढून नस बसवायची. मी दहावीत होते. रोह्याच्या स्पर्धेतून जिल्ह्याचा संघ निवडला जाणार होता आणि त्याच आठवड्यात चढाईवरून परतताना माझा पाय वाकडा पडला. माझे वडील, आबा, मिठागरावरून थेट मैदानात आले. सोबत नस बसवणारे तात्या, हातात तेलाची वाटी.

"बाई, आता ओढली की आयतवारी पोरगी खेळंल," आबा म्हणाले.

"पाय टेकवतोय का तिला?"

"नाय."

"मग ओढायचं नाय. पेणला जाऊन फोटो काढायचा."

"मुरगळल्याचा फोटो? लगीन हाय काय?" तात्या हसले.

बाई आबांकडे वळल्या. "आबा, मिठागराचा बांध कुठं फुटला ते न बघताच चिखल थापता काय?"

आबा म्हणाले, "नाय. आधी बघतो."

"मग हेही बघू. तात्या, तुम्हीही चला. पोरीला उचलायला भक्कम माणूस पायजे."

तात्यांनी मला एसटीत उचलून बसवलं. पेणच्या दवाखान्यात फोटोत हाडाला चीर दिसली. "चोळलं, ओढलं नाही ते बरं केलंत," डॉक्टर म्हणाले. तात्यांनी वाटी हळूच बाकाखाली सरकवली.

प्लास्टर बघून मी रडायला लागले. बाई म्हणाल्या, "रोहा कुठं पळून जात नाय. पाय नीट कर, मग चालत जा." प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांना विचारून त्यांनी मला रोज शाळेच्या भिंतीपाशी त्या एका पायावर उभं केलं आणि वर पाढे म्हणायला लावले. पुढे मी रोह्याच्या कॉलेजात गेले, कॉलेजच्या संघातून खेळले. आमच्या घरातली पहिली पदवी मी त्या दोन्ही पायांवर उभी राहून घेतली.

निवृत्तीनंतर बाई रोह्याशेजारच्या अष्टमी गावात राहायला गेल्या. मागच्या वर्षी भेटायला गेले, तर पायरीवरून घसरून त्यांचा घोटा सुजलेला. शेजारीण तेल तापवत होती आणि बाई माझ्या चहासाठी लंगडत उठत होत्या.

"थांबा! उठू नका!" मी ओरडले.

बाई शाळकरी पोरीसारख्या मटकन बसल्या.

"पाय टेकवतोय का?"

"टेकवतोय गो."

"उद्या टेकवला नाही, तर फोटो काढायचा."

लाइट गेलेली, फ्रीजमध्ये नुसतं पाणी. मी बाजारातून बर्फ आणला, फडक्यात गुंडाळला आणि त्यांचा पाय उशीवर उंच ठेवला. बाईंनी फडकं हुंगलं.

"बोंबील नाय हा," त्या समाधानाने म्हणाल्या, "कोळंबी."