बंदूककाकांची गंजवलेली बंदूक

घरात कोळी दिसला की बंदूककाका त्याच्यावर पेला पालथा घालत, खालून जाड कागद सरकवत आणि त्याला अंगणात नेऊन सोडत. "तो आपल्या आधीपासून राहतोय इथं," म्हणत. अशा माणसाच्या जेवणाच्या टेबलावर एका उन्हाळ्यात बंदुकीचे सुटे भाग येऊन पडले आणि आख्खी गल्ली त्यांना बंदूककाका म्हणायला लागली.

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर माझ्यामागची भिंत बघून तुम्ही विचारलंत, "आजी, इज दॅट रिअल?" बंदूक खरी आहे. ती माझ्याकडे का आहे, हे मात्र मलाही नीट समजलेलं नाही. क्रमाने सांगून बघते.

इथे अमेरिकेत, अल्फारेटात काका आमच्या शेजारी राहत. त्यांच्या पलीकडे बिल. नळीच्या तोंडातून दारू ठासायची, तसल्या जुन्या पद्धतीच्या बंदुकीचं किट बिलने मागवलं आणि तो अंथरुणाला खिळला. त्याने खोकं काकांना दिलं. "तू पुरी कर. मला एकदा तिचा आवाज ऐकायचाय." काका हो म्हणून बसले. जन्मभर सॉफ्टवेअर लिहिलेल्या या माणसाने कधी कानस हातात धरली नव्हती.

त्यांच्या पत्नी सुमनताई मला विचारत, "वहिनी, यांना झालंय तरी काय? झुरळ मारायचं तर मला हाक मारतात, आणि बंदूक करतायत." काका माझ्याकडून नेलेलं जवसाचं तेल लाकडी दस्त्याला चोळत असत. "गोळी घालणार नाही हो. आवाजाला नुसती दारू पुरते." त्याने आमचा गोंधळ वाढायचाच.

खंडेनवमीला सुमनताईंनी विळी आणि स्क्रूड्रायव्हरच्या शेजारी बंदुकीची नळीही पाटावर मांडली. काकांनी ती घासून घासून चांदीसारखी केली होती. ताईंनी ओल्या बोटाने हळदकुंकू लावलं, फुलाने पाणी शिंपडलं. सकाळी नळीवर गंजाचे ठिपके. काका डोकं धरून बसले. सगळं पुन्हा घासायचं म्हणजे किती दिवस जाणार, आणि बिल तर रोज खंगत चाललेला.

शेवटी मी म्हटलं, नळी त्याच्याकडे नेऊ आणि खरं ते सांगू. आम्ही तिघं गेलो. बिलने गंजावरून बोट फिरवलं आणि खोकला येईपर्यंत हसला. "अरे, या नळ्या मुद्दाम गंजवतात. गंजू दे, घास, परत गंजू दे. तपकिरी रंग असाच चढतो. तुझ्या बायकोला कुणी सांगितलं हे?"

"देवाने," काका गंभीरपणे म्हणाले.

"मग तिच्या बोटाचा हा डाग तेवढा राहू दे."

थंडी पडायच्या आत बिलच्या भावाच्या शेतावर बार उडाला. बिल व्हीलचेअरवर, ब्लँकेटमध्ये. काकांनी डोळे घट्ट मिटून चाप ओढला. धूर विरला तेव्हा बिल म्हणाला, "पुन्हा." काकांनी बंदूक खाली ठेवली. "पुढच्या रविवारी," ते म्हणाले. तो रविवार बिलला मिळाला नाही. काकांनी नंतर बंदुकीत दारू कधीच भरली नाही.

गेल्या वर्षी काकाही गेले. सुमनताई मुलाकडे दूर अर्विंगला राहायला निघाल्या, पण सुनेला घरात बंदूक नको होती. म्हणून ताईंनी ती शालीत गुंडाळून माझ्या हातात ठेवली. मी ती या भिंतीवर टांगली.

तिचं पुढे काय करायचं, मला कळत नाही. दर शनिवारी कोरड्या फडक्याने पुसते, इतकंच. खंडेनवमीला मात्र बोट ओलं करते आणि त्या डागावर नेमकं टेकवते.